पळीभर पाणी

शेहेचाळीस सालचा चैत्र होता आणि हरणाबाई पाणी मागत होती.

कराडपासून कोसभरावरच्या त्या गावात पाण्याला तोटा नव्हता. तिच्या मागच्या दारातून कृष्णा दिसायची. पण हरणाबाईला जलोदर झाला होता. मिरजेला नेऊन पोटातलं पाणी काढलं, ते पुन्हा भरलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. बाई यातून उठायची नाही. फक्त पाणी देऊ नका, ओल्या कापसानं ओठ पुसा. पोटभर प्यायली तर ते छातीत चढेल आणि त्याच दिवशी जाईल. नाही प्यायली तर महिनाभर काढेल.

तेव्हापासून तिची लेक मनुबाई सासरहून येऊन घागरीपाशी राखणीला बसल्यासारखी बसली होती. एकुलता भाऊ गुंडा इटलीच्या लढाईत पडला होता. माहेर म्हणून आता आईच तेवढी उरली होती.

जोतीराम रोज दुपारी यायचा. गुंडाच्याच गल्लीतला, गुंडाच्याच पलटणीतला. गुंडाच्या पोटात गोळी लागली तेव्हा तो शेजारी होता. लढाई संपून तो गावी आला तेव्हा हरणाबाईनं बाकी काही विचारलं नव्हतं. "शेवटचं पानी कुनी पाजलं त्याला?" एवढंच विचारलं होतं.

"म्या पाजलं, काकी. माझ्या बाटलीतलं. घटाघटा प्याला, आन मग डोळं मिटलं."

शेवटचं पाणी तोंडात पडलं नाही तर जीव तहानेला फिरतो, असं आमच्याकडं मानत. हरणाबाईनं जोतीरामच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. त्या दिवसापासून घरात काही गोडधोड झालं की पहिलं ताट त्याचं.

त्या दुपारी अंगणात शेजारच्या राहीबाईच्या कुरडया वाळत होत्या.

"कसं वाटतंय, काकी?" जोतीरामनं विचारलं.

"कसं वाटायचं? प्वाटात किस्नामाई दुथडी भरलीया, आन नरड्यात कवठ्या-महांकाळचा कोरडा माळ." ती स्वतःच हसली. हसताना जीभ टाळूला चिकटली.

"मने, तांब्याभर दे गं."

"आई, डाक्टर काय म्हनलं? पानी दिलं म्हंजी आपल्या हातानं मारलं."

"आन न्हाई दिलं म्हंजी काय करतियास, बया? वाळवन घालतियास माझं?"

उंबऱ्यातून राहीबाई म्हणाली, "जित्या मानसाला तहानेलं ठिवायचं, पाप हाय गं ते."

"मग तुमी द्या की, आत्याबाई. हाय छाती?"

राहीबाई कुरडया उलथायला निघून गेली.

हरणाबाईनं मान जोतीरामकडं वळवली. "जोत्या, गुंड्यानं पानी मागितलं, तवा तुला कुनी आडवलं न्हवतं?"

जोतीराम खाली बघत राहिला. "आडवलं हुतं. हवालदारानं. प्वाटात गोळी लागल्याला पानी द्यायचं न्हाई, हुकूमच आसतोय तसा. दिलं तर मरतंय मानूस."

"तरीबी दिलंस."

तो बोलला नाही.

"तरीबी दिलंस न्हवं?"

त्यानं मान हलवली.

"मग त्याच्या आईनं काय घोडं मारलंय रं तुझं?"

जोतीराम उठला. मनुबाई हात पसरून घागरीपुढं आडवी झाली. "दादा, पाया पडते. माझं म्हायार बुडंल."

"सर, मने." त्याचा चेहरा बघून ती आपोआप बाजूला झाली.

त्यानं तांब्या भरला. हरणाबाईची मान दंडावर घेतली. ती प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. "आनिक," ती म्हणाली. त्यानं दुसरा तांब्या दिला. तोही तिनं संपवला आणि डोळे मिटले.

"आत्ता कळलं," ती म्हणाली, "माझं लेकरू कसं निवलं आसंल."

तेव्हा जोतीराम मोठ्यानं रडला. बायकांना वाटलं, काकीसाठी रडतोय.

दिवस मावळायच्या आत हरणाबाईची धाप वाढली आणि ती गेली. राहीबाई जिवंत असेपर्यंत सांगत राहिली, जोतीरामनं पुण्य केलं. मनुबाई दहाव्याला घाटावर सगळ्यांदेखत म्हणाली, "माझी आई ह्यानं मारली," आणि सासरी निघून गेली. पुढं कित्येक वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. जोतीरामनं लग्न केलं नाही. कराडच्या रस्त्याला लिंबाखाली त्यानं रांजण मांडले आणि पेन्शनीवर जगत येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी दिलं. भर उन्हात एखादा वाटसरू न पिता पुढं गेला, तर तांब्या घेऊन त्याच्यामागं पळायचा. लोक हसायचे.

म्हातारपणी मनुबाई विधवा होऊन माहेरच्या घरात राहायला आली. त्याच साली जोतीरामनं अंथरूण धरलं. घरघर लागली, पण शेवटचं पाणी घालायला त्याचं असं कोणी नव्हतं. मनुबाईच पळी आणि तुळशीचं पान घेऊन गेली.

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

"घे, दादा. राग धरू नगंस आता."

"आधी गुंड्याला," तो म्हणाला. "लय मागितलं गं त्यानं, मने. दिस कलेपातूर मागत हुता. पानी न्हाई दिलं तर जगंल म्हनलं हुतं. म्या न्हाईच दिलं."

मनुबाईनं उंबऱ्याबाहेरच्या मातीत पळी रिकामी केली. आत येऊन दुसरी भरली.

तेव्हा कुठं जोतीरामनं तोंड उघडलं.