तीर्थाचे थेंब

लीनाने पुन्हा बटण दाबलं. कॉम्प्युटरचा पंखा फिरला, थांबला, परत फिरला. पडदा काळाच.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका त्यातच अडकली होती. तिचं पहिलं मोठं काम. दुपारपर्यंत फाईल श्रीरामपूरच्या छापखान्यात पोचली नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

"काल तर चांगला चालत होता," ती नवऱ्याला म्हणाली.

धवल चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "आईने तीर्थ शिंपडलं असेल. रोज घरभर शिंपडते. गेलं असेल आत."

लीना देवघराच्या दाराशी गेली. सासूबाई मुक्ताबाई पिंडीवर बेल वाहत होत्या.

"आई, कॉम्प्युटरवर पाणी शिंपडलंत का?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. श्रावणी सोमवार. दिवेलागणीपर्यंत मौन.

"नुसती मान तरी हलवा!"

मुक्ताबाईंनी लीनामागे उभ्या असलेल्या धवलकडे पाहिलं. मग खाली बघून पुढचं पान उचललं.

"बघ," धवल म्हणाला. "शिंपडलं नसतं, तर नाही म्हणून मान हलवली नसती का?"

लीनाला ते पटलं. "सोयीचं आहे हो मौन," ती म्हणाली. देवघरात ऐकू जाईल इतपत.

तिने कॉम्प्युटरची वायर काढली, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं. धूळ होती. ओल कुठेच नव्हती.

"सुकलं असेल पाणी," धवल वाकून म्हणाला. "तो नाण्याएवढा सेल आहे ना, तो काढ. थोड्या वेळाने परत बसव. मेमरीचं सेटिंग पहिल्यासारखं झालं की होईल चालू."

लीना सेल तळहातावर घेऊन बसून राहिली. मग तो बसवून तिने बटण दाबलं. पडदा उजळला. स्मरणिका जागच्या जागी होती.

फाईल पाठवली आणि मग तिचा हात थांबला.

"धवल, आत पाणी गेलं होतं ना?"

"हं."

"मग मेमरीचं सेटिंग कोणी बदललं?"

चहावर साय धरली होती. धवल त्या सायीकडेच बघत राहिला. "काल रात्री गेम अडकत होता गं. मेमरीचा वेग जरा वाढवून बघितला. आई तेव्हा दूध घेऊन आली होती, हवं तर तिलाच..."

त्याची नजर देवघराकडे गेली.

दिवेलागण झाली. मुक्ताबाईंनी समई लावली, घंटा वाजवली, तीर्थ घेतलं. लीना मान खाली घालून जवळ उभी होती. धवल उंबऱ्यात.

"फाईल वेळेवर पोचली का गं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"पोचली, आई."

"बरं झालं."

लीनाच्या हातावर तीर्थ घालून त्या पळी घेऊन धवलकडे वळल्या. त्याने उजवा हात पुढे केला. तळहातावर थेंब पडले. ते तसेच धरून तो उभा राहिला. हात काही ओठांपर्यंत जाईना.