एकाच घराण्याचा ड्रायव्हर

यंदा चवथीला मखर नको, गणपतीमागे मोठ्या पडद्यावर हलता कैलास दाखवतो, असं गौरेशने कारापूरच्या वडिलोपार्जित घरात सगळ्या काका-काकूंना छाती ठोकून सांगितलं होतं. कैलास सुरेख झाला, पण उबुंटू नावाच्या संगणकप्रणालीवर चालणाऱ्या त्याच्या लॅपटॉपवर तो अडखळत हलायचा. म्हणून आरतीच्या तोंडावर त्याने डेबियन या दुसऱ्या प्रणालीसाठी बनवलेला ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम, त्यात घातला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर शंकर, नंदी, गंगा सगळंच गडप. उरला काळाकुट्ट पडदा.

"बाप्पा, तुजो बापूस खंय गेलो रे?" चुलतभाऊ साईश मागून ओरडला. सगळे खो खो हसले.

गौरेश कीबोर्ड बडवू लागला. "अरे, डेबियन आणि उबुंटू एकाच घराण्यातली! उबुंटू निघाली तीच मुळी डेबियनमधून. तिकडचा ड्रायव्हर इकडे चालायलाच हवा होता!"

"घराणं एक असेल रे शाण्या, पण आतली मांडणी ज्याची त्याची," साईश म्हणाला.

गौरेशची बायको क्षमा लग्नानंतरच्या पहिल्याच चवथीला आली होती. तिने भाबडेपणाने विचारलं, "अहो, पण एकाच घराण्यातली ना? मग एकाचं दुसऱ्याला चालत कसं नाही?"

माटोळीखालचे काका एकदम गणपतीवर टांगलेली तिची फळं मोजू लागले. साईश हातातले टाळ निरखू लागला. काळ्या पडद्याकडे आता कोणीच बघत नव्हतं. मग पाचही काकूंना एकाच वेळी आठवलं, की खतखतं खाली लागत असेल. आणि एकमेकींकडे न बघता त्या आपापल्या वेगळ्या चुलीकडे पळाल्या.