खिडकीजवळची खाट

"खिडकीजवळची खाट यंदा तू घे," थोरली जाऊ म्हणाली.

धाकटीच्या हातातलं पेन थांबलं. लेस विणणाऱ्या बायकांच्या संमेलनाला दोघी जावा बावीस वर्षं मिळून जात होत्या. लॉज तेच, खोली तीच, आणि त्या खिडकीवरून दरवर्षी जुंपायचंही तितकंच. केसासारख्या दोऱ्याचं काम ते, जिच्या खाटेवर उजेड तिचं काम पुढे. एका वर्षी तर थोरलीने पळत जाऊन खाटेवर पिशवी टाकली होती. साठी उलटलेली बाई!

"सूर्य आज कुठून उगवला म्हणायचा?" धाकटी म्हणाली. "जाऊबाई, बरं आहे ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय!"

थोरलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर धाकटीने कागद पसरले होते. गाड्यांच्या वेळा, संमेलनाचं पत्र, लॉजचा नंबर. बाराच्या आत कळवलं नाही तर लॉजवाली खोली दुसऱ्याला देऊन मोकळी होते. धाकटीला असल्या कामाची भारी हौस. सकाळची गाडी की दुपारची, शेजारशेजारच्या जागा कुठल्या डब्यात, सगळं तिने टिपून ठेवलं होतं. विणकामाच्या उशा काही सामानात टाकता येत नाहीत. उशीवर टाचण्या टोचलेल्या, त्यांच्याभोवती दोरे, दोऱ्यांच्या टोकांना चाळीस लाकडी काड्या. तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊनच बसावं लागतं.

"या उशांचं एकदा अर्धं तिकीट काढायला हवं," धाकटीने दरवर्षीचा विनोद केला. थोरली हसली नाही.

"स्टेशनातल्या त्या जिन्याला कठडा आहे ना गं?"

"अहो, बावीस वर्षं चढताय तो जिना!"

गुडघे दुखत असतील, धाकटीला वाटलं. ती उठली. प्रवासासाठी थोरलीच्या उशीला नवा अभ्रा शिवायचा होता. कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या उशीवरचं फडकं तिने माप घ्यायला उचललं.

उशीवर संमेलनासाठी विणायला घेतलेली पांढरी कॉलर होती. वीण सुरेख होती, एकसारखी, नेटकी बसवलेली. पण पांढऱ्या दोऱ्यांत एक दोरा सायीच्या रंगाचा होता. चार बोटं विणून झालं होतं आणि तो पिवळट दोरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ चालत आला होता. कालची शिकाऊ पोरसुद्धा ही चूक करत नाही. काडीवर दोरा गुंडाळतानाच कळतं. डोळे असले तर.

धाकटीने फडकं परत टाकलं.

"काय चुकलंय?" थोरलीने विचारलं.

"काही नाही."

"खोटं बोलू नकोस. एवढा वेळ गप्प बसणारी नव्हेस तू. बोटांना न कळणारं काहीतरी असणार. रंग?"

धाकटीने मान डोलावली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती तोंडाने म्हणाली, "हो. रंग."

थोरलीने टेबलाची कड धरली.

"डाव्याने काहीच दिसत नाही. उजव्याने तुझा चेहरा दिसतो, नाक-डोळे माझे मलाच घालून घ्यावे लागतात. दोन डॉक्टर झाले. आता हे वाढतच जाणार, म्हणतात. मुलांना सांगितलेलं नाही. तुलाही सांगणार नव्हते. बोटांवर निभेल, वाटलं होतं."

धाकटी चटकन म्हणाली, "म्हणून काय झालं? विणू नका. नुसत्या चला. मी आहे ना हाताला धरायला."

"आणि पहिल्या दिवशी काय करू?"

पहिल्या दिवशी सगळ्या बायका गोल करून बसतात आणि घंटा झाली की आपली उशी डावीकडच्या बाईच्या मांडीवर देतात. प्रत्येकीने शेजारणीच्या कामात दोन बोटं विणून द्यायची. तिथला जुना रिवाज आहे, कुणाला सूट नाही.

"माझ्या कामात चूक झाली तर मी सोसेन," थोरली म्हणाली. "दुसरीचं काम नासवायला जायची नाही. आणि माझी उशी मांडीवर घेऊन कुणी चुकचुकलेलं मला खपायचं नाही."

"मग मीही नाही जात. खड्ड्यात गेलं ते संमेलन."

"तू जायचंस. दोघी गेलो नाही तर दहा तोंडं दहा गोष्टी बोलतील. माझे गुडघे सांग. या वयात गुडघे म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

धाकटीने पदर डोळ्यांना लावला. थोरलीला दिसत नव्हतं, तरी पाठ फिरवूनच लावला. मग कागदावरचा दोनाचा आकडा खोडला, एक केला. बाराला दहा मिनिटं होती. तिने फोन लावला.

लॉजवालीने आवाज लगेच ओळखला. "त्याच दोघी ना? खिडकीची खोली धरूनच ठेवलीय मी."

"एकटीच येतेय. जाऊबाईंचे गुडघे..."

समोर थोरलीने मान डोलावली. बरं जमलं, अशी.

"अरेरे! काळजी घ्या म्हणावं," लॉजवाली म्हणाली आणि हसली. "म्हणजे यंदा खिडकी बिनविरोध तुमची!"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. तिची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती, नसलेल्या काड्या एकीवरून एक टाकत.

"आतली खोली असेल तर ती द्या," धाकटी म्हणाली. "खिडकी नको."