राजीनाम्याचा पेपर

इंजिनियरसाहेबांनी फिरती खुर्ची दोनदा फिरवून पाहिली. आज ती शोभायलाच हवी होती.

व्यवस्थापनाच्या वर्गाचा हा शेवटचा पेपर, तोही तोंडी. साहेबांनी नवा अधिकारी व्हायचं, संस्थेने बोलावलेला नट राजीनामा घेऊन येणार, त्याला थांबवायचं. जागा म्हणून संस्थेच्याच संचालकांची केबिन दिली होती; जुने संचालक गेले होते, नवे अजून रुजू व्हायचे होते. पास झालं की कारखान्याचं मॅनेजरपद पक्कं.

मागच्या खेपेला साहेब याच पेपरात आपटले होते. सारा जन्म पंप दुरुस्त केलेले. समोरच्याने तोंड उघडायचा अवकाश, हे पाना घेऊन धावलेच!

"माणूस म्हणजे पंप नव्हे," शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. "आधी ऐकून घ्या."

दार वाजलं. जाड चष्म्याचा एक माणूस आत आला आणि त्याने टेबलावर पाकीट ठेवलं.

"साहेब, आपण नवीन. आल्या आल्या राजीनामा हातात द्यायचा म्हणजे... पण माझा इलाज नाही."

पाकिटाला हातही न लावता साहेब म्हणाले, "बसा. काय झालं?"

माणूस बोलत सुटला. इथली लॅब तो एकहाती सांभाळत होता. कौतुक राहिलं बाजूला, कुणी धड नावानेही हाक मारत नव्हतं. आता परगावी नोकरी मिळाली होती. म्हातारी आई मात्र इथेच राहणार होती. साहेबांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. समोरच्याचे डोळे भरून आले, तसे त्यांचेही भरले. काय अभिनय! वा!

"तुम्ही गेलात तर लॅब पोरकी होईल हो," ते म्हणाले, अगदी मनापासून. मग त्यांना चेवच चढला. "आजपासून लॅबचे प्रमुख तुम्ही. पगार दीडपट. आईला सोडून कुठेही जायचं नाही!" बोलायला कुठे पैसे पडतात?

"शब्द देता, साहेब?"

"दिला!"

माणसाने तिथल्या तिथे नव्या कंपनीला फोन करून नकार कळवला. मग आईला लावला. "आई, रडू नकोस. मी कुठे जात नाही." पाकीट फाडून त्याने टोपलीत टाकलं, साहेबांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे पुसत निघून गेला.

साहेबांना आनंदाने नाचावंसं वाटलं. जिंकलो! बायकोला कळवायला ते फोन काढतात तोच बाई आत आल्या. त्यांच्यामागे एक माणूस धापा टाकत उभा होता.

"माफ करा हं, आमचे नट गर्दीत अडकले होते, म्हणून मी खालीच थांबले," बाई म्हणाल्या. "करायची सुरुवात?"