दोन निळे ठिपके

"फिटरकाका, खोडताय की गोंजारताय?" समोर बसलेल्या निवृत्त पोस्टमनने विचारलं. "माझी चाळीस पुस्तकं झाली. तुमचं आपलं तिसरंच चाललंय."

पोस्टमनने चहाच्या पेल्याकडे हात नेला, तसं फिटरकाकांनी हातातलं पुस्तक हळूच मांडीवर घेतलं आणि खुर्चीखालच्या पिशवीत सरकवलं.

वाचनालयाच्या फळ्यावर आठ दिवसांपूर्वी सूचना लागली होती. सगळी पुस्तकं आता संगणकावर चढणार. त्याआधी पानांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडायला स्वयंसेवक हवेत. खोडरबर वाचनालय देईल. सभासदांची जुनी कार्डं रद्दीत जातील, ज्यांना हवी त्यांनी मागून घ्यावीत. फिटरकाकांनी ती वाचली आणि त्याच पावली जाऊन नाव दिलं. खुणा खोडायला नव्हे, वाचवायला.

बायको जाऊन सात महिने झाले होते. ती घरी शिवणकाम करायची. शिवता शिवता मध्येच उठावं लागलं की कापडावर निळ्या पेन्सिलीने दोन ठिपके द्यायची, शेजारी शेजारी, उंदराच्या डोळ्यांसारखे. परत बसली की सुई बरोबर तिथेच टेकायची. दवाखान्यात नेलं त्या दिवशीही ती ठिपके देऊनच उठली होती. फिटरकाकांचा शर्ट अजून तसाच मशीनवर होता, एका बाहीचा.

घर खायला उठायचं म्हणून ते पेपर चाळायला वाचनालयात येऊ लागले. एकदा सहज एक पुस्तक उघडलं, तर समासात तेच दोन ठिपके. मग दुसऱ्यात. मग रोज एक कपाट. पान कधी तिसावं, कधी दोनशेवं. आवडलेली जागा असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. ती दुपारी वाचनालयात जाते एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि इथे एकशे बारा पुस्तकं निघाली. त्यांनी लेकीला फोन केला. "तुझी आई एकशे बारा पुस्तकं कोळून प्यायली होती, आहेस कुठे!" सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज खुलला होता.

"काका, त्या पिशवीत काय आहे?"

ग्रंथपाल बाई मागे येऊन उभ्या होत्या. फिटरकाकांनी पिशवी पुढे केली. लपवायची कला त्यांना कधी जमलीच नव्हती.

"एवढी तरी खोडू नका, बाई. हिच्या खुणा आहेत. वाचून झाल्याच्या."

बाईंनी एक पुस्तक उघडलं, ठिपके पाहिले आणि मिटून ठेवलं. मग आत गेल्या. आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पिवळं पडलेलं कार्ड होतं.

"हे तुमच्यासाठी ठेवलं होतं. द्यावं की नाही, कळत नव्हतं."

नाव तिचंच होतं. खाली नेलेल्या पुस्तकांचे रकाने होते. पहिल्या रकान्यात एक नोंद, बाकी सगळे कोरे.

"एकशे बारा वाचली तिने. इथे तर एकच दिसतंय."

"वरची ओळ बघा."

पूर्वीच्या ग्रंथपालांचं वळणदार अक्षर होतं. 'पुस्तक घरी देऊ नये.' त्याखाली सही. वाकड्या खिळ्यासारखी. फिटरकाकांची.

बावीस वर्षांपूर्वी एकदा दूध उतू गेलं होतं आणि पातेलं करपलं होतं. हिच्या हातात पुस्तक. फिटरकाका तसेच ते पुस्तक घेऊन इथे आले आणि त्यांनी ते टेबलावर आपटलं. "हिला पुस्तक देत जाऊ नका हो. एक दिवस घर जाळून ठेवेल." सगळे हसले. ग्रंथपालांनीही हसत हसत कार्ड पुढे केलं, "मग करा सही." त्यांनी ऐटीत केली. ती मागे दारात उभी होती. तीही हसली होती. चार दिवसांत ते सगळं विसरले.

"मग ती इथे बसून...?"

"रोज. तीन ते साडेचार. घड्याळ बघून उठायच्या. म्हणायच्या, आमचे हे पाचला येतात, दाराला कुलूप नको दिसायला. मी कितीदा म्हटलं, काकू, न्या हो, कोण बघतंय? तर म्हणायच्या, त्यांची सही आहे ना."

फिटरकाका ठिपक्यांकडे बघत राहिले.

"पुष्कळदा दुसऱ्या दिवशी ते पुस्तक कोणीतरी नेलेलं असायचं," बाई म्हणाल्या. "मग दुसरं घ्यायच्या. एखादं परत हाती लागलं आणि पुरं झालं, की ठिपके स्वतः खोडायच्या. ही राहिली ती..."

बाईंनी वाक्य तिथेच सोडलं.

मग फिटरकाकांनी पिशवीतलं सगळ्यात वरचं पुस्तक काढलं. ठिपके शहाऐंशीव्या पानावर होते.

"हे घरी द्याल?" त्यांनी विचारलं. "माझ्या नावावर नको. या कार्डावर."

बाईंनी कार्डाकडे पाहिलं. मग खिडकीकडे.

फिटरकाकांनी खोडरबर उचललं. कार्ड डाव्या हाताने टेबलावर दाबून धरलं आणि सही घासायला लागले. आधी हळू, मग जोर लावून. टेबल हलायला लागलं.

"आत्ता कुठे काका कामाला लागले!" पोस्टमन हसला.

कार्डाचा कागद सोलवटून वर आला. खोडरबराचा चुरा पडत राहिला. सही शाईची होती.