डाव्या गालावरची धग

"काका, परत अंधारात! जमिनीवर पट्टी लावलीय ना, तिच्यावर थांबायचं," दिग्दर्शक ओरडला.

बाबलकाका लाइटमन म्हणून सिनेमात आले आणि पुढे पडद्यावरचे हवालदार, सासरे, सरपंच झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, पण सेटवर कोणालाच कळलं नव्हतं. दिव्याची धग डाव्या गालाला लागली की ते थांबत, आणि पट्टी बरोबर पायाखाली असे.

आज गाल गारच होता.

"दिवा लावला नाहीस का रे?" त्यांनी शेजारच्या लाइटमनला हळूच विचारलं.

"हा काय, लावलाय की! नवीन एलईडी आहेत, काका. तापतच नाहीत. तुमच्या वेळेसारखे हात भाजत नाहीत आता."

"बरं झालं," म्हणत काका पायाने जमीन चाचपू लागले. सेटवरचे सगळे त्यांच्या पायांकडे बघू लागले.

"काकांना खुर्ची द्या रे," दिग्दर्शक हलक्या आवाजात म्हणाला.