हिरव्या वेलीचा शिंगाडा

उपकेंद्रातल्या सिस्टरने कौतिकाच्या बाळाच्या टाचेला यंत्र लावलं. आकडा पाहून तिने काच पुसली आणि यंत्र पुन्हा लावलं.

"रक्तातलं शिसं आणखी वाढलंय. काय पाजता याला?"

"माझंच दूध जी. वरचं काहीच नाही."

"आणि तुम्ही काय खाता?"

"हा आजारी पडला तसा देवीचा उपवास धरला. शिंगाड्याचीच भाकर खातो मी. पण हिरव्या वेलीचा शिंगाडा जी, लाल वेलीला हातही लावला नाही."

गावच्या तळ्यातलं शिसं शोषून घ्यायला त्यात प्रयोगशाळेत तयार केलेली शिंगाड्याची वेल सोडली होती. शिसं भरलं की तिची पानं लाल व्हायची आणि ती भट्टीत जायची. हिरवी वेल गावची, खायची.

सिस्टरने कौतिकाच्या डब्यातल्या भाकरीला यंत्र लावलं. आकडा बाळापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

"दोन्ही वेलींचा संकर झालाय, बाई. आता हिरवीही शिसं पिते, फक्त लाल होत नाही."

कौतिकाने बाळाला छातीपासून झटकन दूर धरलं. ते सुकत गेलं तसतसा तिने उपवास वाढवला होता. आधी मंगळवार, मग शुक्रवारही, आता रोजच.

"आत्ता सोडतो उपवास," ती म्हणाली. "मग पाजू ना जी?"

सिस्टरने बाळाला आपल्याकडे घेतलं.

"शिसं हाडांत मुरतं, बाई. तुम्ही उपवास सोडला तरी ते दुधात उतरतच राहील."

बाळ आईच्या वासाकडे तोंड वळवून रडू लागलं.